जोडकांदा

खिचडीचं पातेलं चुलीवरून उतरून पाव तास झाला होता आणि रांगेत एकही पोर नव्हतं.

एरवी मधल्या सुट्टीची घंटा व्हायच्या आधीच पाचवी ते आठवीची पोरं ताटल्या वाजवत शेडपाशी कालवा करायची. त्या सोमवारी ती सगळी पिंपळाखाली घोळक्याने उभी होती. काहींच्या हातात घरचे डबे होते, काही नुसतीच खाली मान घालून उभी. शेडच्या दारात यमुनाबाई कोटमे हातात डाव घेऊन वाट बघत होत्या.

"या की रे," त्या म्हणाल्या. "निवू राह्यली खिचडी."

पाचवीतली एक चिमुरडी दोन पावलं पुढे आली. तिच्या मोठ्या बहिणीने तिची वेणी धरून तिला मागे ओढलं. "आईनं काय सांगितलंय?" ती दबक्या आवाजात म्हणाली, पण ते सगळ्यांना ऐकू गेलं. यमुनाबाईंनाही.

ही गोष्ट पंधरा वर्षांपूर्वीची. चांदवड तालुक्यातलं गाव, नाव नको. गावात घरांपेक्षा चाळी जास्त, आणि चाळी म्हणजे माणसं राहायच्या नव्हेत, कांदा साठवायच्या. मी तिथल्या हायस्कुलात विज्ञान शिकवत होतो. यमुनाबाईंनी शाळेची खिचडी नऊ वर्षं शिजवली होती. आदल्या वर्षी त्यांच्या छातीत गाठ निघाली. नाशिकला ऑपरेशन झालं, सलाइनी झाल्या, केस गेले, आणि आठ महिन्यांनी, त्याच सोमवारी, डॉक्टरांची चिठ्ठी घेऊन त्या परत आल्या. कामावर जाण्यास हरकत नाही, असं चिठ्ठीत लिहिलं होतं. गावाची हरकत होती, ते चिठ्ठीत कुठून येणार?

गावात त्या दुखण्याचं नावही कोणी घेत नसे. 'तो आजार' म्हणायचे आणि आवाज खाली आणायचे. यमुनाबाईंना असलं दबकं बोलणं जमत नसे. कोणी विचारलं की त्या खणखणीत सांगायच्या, "कॅन्सर झाला होता. काढून टाकला." ऐकणारा दोन पावलं मागे सरायचा.

मुख्याध्यापक शिरोडे सर म्हणजे कुठलाही निर्णय उद्यावर ढकलण्यात तरबेज माणूस. त्यांनी यमुनाबाईंना ऑफिसात बोलावलं. मीही गेलो, कारण त्या आठवड्याची खिचडीची जबाबदारी माझ्याकडे होती.

"शनिवारी शाळेची समिती बसेल," शिरोडे सर टेबलावरचा पेपरवेट फिरवत म्हणाले. "तोवर दुसरी बाई शिजवेल. तुम्ही भांड्यांना हात लावू नका. समिती नाही म्हणाली तर मग... बघू."

"मग काय बघायचं, सर?" यमुनाबाई म्हणाल्या. "नाही म्हणाले म्हणजे मी घरी. एवढंच ना?"

शिरोडे सरांनी पेपरवेट फिरवणं थांबवलं नाही.

बाहेर व्हरांड्यात त्या माझ्यासमोर उभ्या राहिल्या. डोईवरचा पदर सरकला होता आणि नव्याने उगवलेले, बोटभर केस दिसत होते. "निरभवणे सर, तुम्ही विज्ञानाचे ना? तुम्ही सांगा त्यांना. औषधाच्या वासानं आठ महिने मला अन्न नकोसं झालं होतं, तवा मी काय करायची माहितीये? डोळे मिटायची आणि मनातल्या मनात शंभर लेकरांची खिचडी शिजवायची. फोडणीपासून. ही चूल गेली तर मी कशाला बरी झाले?"

"मी सांगतो," मी म्हणालो. "शनिवारी मी बोलतो समितीत. बघतोच कोण नाही म्हणतं ते."

मला गावाचा भयंकर राग आला होता. अडाणी लोक, असं मी स्टाफरूममध्ये दोनदा म्हटलं.

दुसऱ्या दिवशी दहावीच्या तासाला मी पेशी विभाजन काढलं. तसा तो धडा महिनाभर पुढे होता. फळ्यावर गोल काढले, गोलात दोरे काढले, पूर्वावस्था, मध्यावस्था, पश्चावस्था, अंत्यावस्था. जखम झाली की पेशी विभागतात, जखम भरली की थांबतात. कधी एखाद्या पेशीला थांबायचं भानच राहत नाही, ती एकाच्या दोन, दोनाच्या चार होत सुटते. तोच कॅन्सर. चौदा वर्षं मी हे याच शब्दांत शिकवत होतो.

पहिल्या बाकावर ऊर्मिला आहेर बसायची. समितीचे अध्यक्ष रंगनाथ आहेर यांची मुलगी. तिला प्रश्न पडला की तो विचारल्याशिवाय ती डबासुद्धा उघडायची नाही.

"सर, मग यमुनामावशीची गाठ लागते का दुसऱ्याला?"

"नाही. पुस्तकातच आहे."

"मी काल घरी म्हटलं तसं. बाबा म्हणाले, पुस्तकात काय, काहीही छापतात. सर, तुम्ही ते बघितलंय का? पेशी फुटताना?"

वर्गात हशा पिकला. मी ओरडून तो बंद केला. खरी गोष्ट अशी की बी.एस्सी.नंतर मी ते कधीच बघितलं नव्हतं. शाळेत एक सूक्ष्मदर्शक होता. तो मोडला तर भरपाई शिक्षकाच्या डोक्यावर, म्हणून सहा वर्षं कपाटात कुलूपबंद होता. तपासणीला साहेब आले की दाखवायचा आणि पुन्हा आत. असा आमचा विज्ञानाचा संसार.

"दाखवतो," मी म्हणालो. पोरीने मला चांगलंच कोंडीत पकडलं होतं. "कांद्याच्या मुळीच्या टोकाला पेशी सतत विभागत असतात. उद्या प्रत्येकाने एक कांदा पाण्याच्या ग्लासवर ठेवायचा. बूड तेवढं पाण्याला टेकलं पाहिजे. शुक्रवारपर्यंत मुळ्या फुटतील. शनिवारी समितीलाच दाखवू."

शाळेत उंदीर फार, म्हणून बारा जणांनी आपापल्या घरी कांदे ठेवले. इथेच माझं चुकलं. मी नाशिक शहरात वाढलेला माणूस. मला काय माहीत!

शुक्रवारी सकाळी अकरा कांदे टेबलावर आले. नऊ कांद्यांची बुडं गुळगुळीत होती, जणू नुकतीच हजामत करून आलेली. दोनांना मुळ्या फुटल्याच नव्हत्या. बारावा भाजीत गेला होता.

"मुळ्या कुठे गेल्या?" मी किंचाळलो.

"आजीनं कापल्या, सर."

"आमच्या मोठ्या आईनं. चहा पिता पिता."

"माझ्या बाबांनी," ऊर्मिला म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता. "म्हणाले, मुळ्या फुटलेला कांदा घरात ठेवतात का? मी दात घासत होते. तेवढ्यात विळी काढून मोकळे."

या गावात जन्म घेतलेल्या माणसाला मुळी फुटलेला कांदा दिसला की त्याचे हात आपोआप चालतात. मनाला विचारायला थांबत नाहीत. शनिवारी सकाळी नऊला समिती होती आणि आता नवे कांदे लावून मुळ्या फुटायला वेळच नव्हता. मी वर्गाला, वर्गाच्या आज्यांना आणि कांद्याच्या समस्त जातीला जे तोंडाला येईल ते बोललो.

ओरडा ऐकून खिडकीत यमुनाबाई आल्या. आठवडाभर त्या रोज शाळेत यायच्या आणि शेडच्या ओट्यावर रिकामे हात मांडीत घेऊन बसायच्या. "काय झालं वो सर?"

ऊर्मिलाने सांगितलं. यमुनाबाई आधी गालातल्या गालात हसल्या, मग जोरात हसल्या. त्या आठवड्यात मी त्यांना पहिल्यांदाच हसताना बघत होतो.

"मुळ्यांचे कांदे पाहिजेत? मग टाकीमागचं पोतं बघा की. तळाला ओल धरलीये त्याला. नवी बाई वरवरचे काढती, खालचे कोणी बघितलेच नाहीत. मी असते तर सोमवारीच निवडून, कापून ठेवले असते."

पोरं धावली. पोतं उलटं केलं तर तळाच्या कांद्यांना बोट बोट लांब, पांढऱ्याशुभ्र मुळ्या! चिरायचा कांदा बघून मला एवढा आनंद आयुष्यात कधी झाला नव्हता.

पहिल्या काचपट्टीचा चिखल झाला, दुसरी फुटली. मुळीचं टोक तांदळाच्या दाण्याएवढं कापायचं, आम्लात ठेवून मऊ करायचं, लाल रंग टाकायचा, वर पातळ काच ठेवून अंगठ्याने दाबायचं. जोर कमी पडला तर पेशी पसरत नाहीत, जास्त झाला तर काच जाते. माझा अंगठा खडू धरून धरून बोथट झालेला. ऊर्मिलाने चौथ्या वेळी दाबलं आणि डोळा लावला.

"सर," ती डोळा न काढता म्हणाली, "इथे एकीचे दोरे दोन्हीकडे ओढले गेलेत. फळ्यावर होतं ना तसंच. पण हे खरंय."

मी बघितलं. खरंच होतं. चौदा वर्षं जे मी खडूने काढत होतो ते टाकीमागच्या कांद्यात चाललेलं होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. काचेचा प्रकाश लागला, असं मी पोरांना सांगितलं.

शनिवारी नऊला प्रयोगशाळेत समिती बसली. प्रयोगशाळा म्हणजे एक खोली, दोन कपाटं. टेबलावर काचपट्टी लावलेला सूक्ष्मदर्शक, समितीचे लोक पुढे, बाजूच्या बाकांवर दहावीची पोरं, मागे पंचवीस-तीस पालक, भिंतीला टेकून बायका. त्यात ऊर्मिलाची आई इंदूबाईही होत्या. यमुनाबाई दाराशी उभ्या होत्या, कारण त्यांना बसा असं कोणी म्हटलं नव्हतं.

रंगनाथ आहेर वाईट माणूस नव्हता, हे आधीच सांगतो. शाळेची भिंत पडली तेव्हा स्वतःच्या ट्रॅक्टरने विटा आणून टाकणारा तोच. तो शांतपणे बोलला.

"यमुनाबाईंबद्दल माझ्या मनात काही नाही. पण चाळीत एक कांदा सडला तर आपण काय करतो? महिन्याभरात शेजारचे दहा सडतात, म्हणून आधी तो उचलून बाहेर टाकतो. इथं शंभर लेकरं जेवतात. माझं काय चुकतंय ते सांगा."

सगळ्यांनी माना हलवल्या. मला बोलायला उभं केलं. मी तक्ता टांगला आणि सुरुवात केली. पाच मिनिटांत मागच्या बाजूला जांभया सुरू झाल्या. मी आवाज चढवला, गुणसूत्रांवर आलो.

"सर, एक विचारू?" रंगनाथ म्हणाला. त्याच्यासमोर शाळेची चव नोंदवही उघडी होती. खिचडी पोरांना वाढायच्या आधी शिक्षकाने खाऊन बघायची आणि त्या वहीत सही करायची, असा नियम आहे. "सोमवारी तुमची पाळी होती. इथं 'चव उत्तम' लिहिलंय, खाली तुमची सही आहे. खाल्ली होती का तुम्ही खिचडी?"

मी तक्त्याकडे बघितलं. तक्ता काही मदत करेना.

सोमवारी यमुनाबाईंनी मला वाटीत खिचडी दिली होती. गरम, वर तेलाची धार. मी ती घेऊन शेडच्या मागच्या खिडकीशी गेलो. मला सगळं माहीत होतं. पेशी म्हणजे काय, गाठ म्हणजे काय, ती हाताने, अन्नाने, श्वासाने कुणाला होत नाही, हे मी स्वतः शिकवत होतो. आणि तरी माझा हात तोंडापर्यंत गेला नाही. मी वाटी खिडकीतून बाहेर रिकामी केली आणि वहीत सही केली. आठवडाभर गावाला अडाणी म्हणणारा मी होतो तो हा असा.

"नाही," मी म्हणालो. "नाही खाल्ली. भ्यालो."

खोलीत एकदम कुजबुज उठली. शिरोडे सरांनी कपाळाला हात लावला. माझी लाज मला कानशिलांपर्यंत जाणवत होती. वाटलं, गेलं. या बाईची चूल माझ्या हाताने विझली.

"मला ठाऊक होतं ते," दारातून यमुनाबाई म्हणाल्या.

मी वळून बघितलं.

"खिडकीखाली कोंबड्या तुटून पडल्या होत्या, सर. दिसलं मला. म्हटलं, जाऊ दे, भीती वाटती माणसाला. मलापण वाटली होती. पण शिकलेलं माणूस आहे, शिकवता शिकवता त्याची भीती जाईल. म्हणून तर तुम्हालाच सांगितलं बोलायला."

तेवढ्यात बाक सरकल्याचा आवाज झाला. ऊर्मिला उठून पुढे आली.

"बाबा, इकडे या."

"तू बस खाली. मोठी माणसं बोलू राह्यलीत."

"नाही बसणार. आधी बघा. एक डोळा मिटायचा, काचेला हात लावायचा नाही."

घरात पोरीचं ऐकायची त्याला सवय असावी. तो उठला, वाकला, डोळा लावला. मग नळीशी तसाच वाकून राहिला.

"हे काय चाललंय आत?" तो शेवटी म्हणाला.

"कांद्याची मुळी वाढतीये. एका पेशीच्या दोन होऊ राह्यल्यात. रंग टाकला तेव्हा जिथं होत्या तिथं थांबल्या. अशाच आपल्या अंगात पण होतात, माझ्या, तुमच्या. मावशीच्या अंगातली एक थांबायचं विसरली. बाहेरून आत काही आलं नव्हतं, बाबा."

"ते पुस्तकातलं झालं."

"बरं. मग चाळीतलं सांगा. जोडकांदा कसा होतो?"

"कसा म्हणजे? आतल्या आत फुटतो. वाढतानाच एकाचे दोन होतात."

"सडक्या कांद्याशेजारचा कांदा सडतो. खरंय. बुरशी जाती इकडून तिकडे. जोडकांद्याशेजारचा कांदा जोड होतो का?"

रंगनाथ सरळ उभा राहिला. मागे कोणीतरी खुदकन हसलं आणि लगेच गप्प झालं.

"होतो का?" ऊर्मिलाने पुन्हा विचारलं.

"नाही होत."

"वर्षभर चिकटून ठेवला तर?"

"नाही."

"ढिगाच्या तळाला, एकावर एक दाबून?"

"नाही म्हटलं ना!"

"मग मावशीला तुम्ही सडक्यात का काढलं?"

जोडकांदा म्हणजे कॅन्सर नव्हे. परीक्षेच्या पेपरात कोणी हे उत्तर लिहिलं असतं तर मी अर्धा गुण दिला असता, तोही मूड चांगला असेल तर. पण त्या खोलीत जन्मभर कांदे निवडलेली तीस माणसं होती आणि ती सगळी विचारात पडली होती. माझ्या चौदा वर्षांच्या तक्त्याने हे कधी केलं नव्हतं. मला त्या पोरीचा इतका अभिमान वाटला की मघाची लाज घटकाभर विसरायला झाली.

रंगनाथ पुन्हा वाकला. या वेळी त्याने दुसरा डोळा लावून बघितलं. मग कमरेवर हात ठेवून तो मुख्याध्यापकांकडे वळला.

"शिरोडे सर, चूल पेटवायला किती वेळ लागतो?"

शिरोडे सर गोंधळले. "तो विषय सोमवारी आपण रीतसर..."

"सोमवार कशाला?" यमुनाबाई म्हणाल्या. त्या दारातून हलल्यासुद्धा होत्या. "तांदूळ धुवायला किती वेळ लागतो?"

मग जो गोंधळ उडाला तो काय सांगू! पोरांनी सरपण आणलं, बायकांनी कांदे चिरायला घेतले. यमुनाबाई मध्ये उभ्या राहून सगळ्यांना झापत होत्या. हळद किती टाकली, झाकण का काढलं, डाव कुठे नेला. पातेलं उतरल्यावर पहिली वाटी मी मागून घेतली. सगळ्यांच्या देखत खाल्ली, चाटूनपुसून. जीभ भाजली. दुसरी वाटी मागितली.

समिती ओट्यावर मांडी घालून बसली. रंगनाथने पहिला घास घेतला आणि सगळी शाळा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. तो चावत राहिला, गिळला.

"मीठ कमी आहे," तो म्हणाला.

"आठ महिन्यांनंतरची दुसरीच खिचडी आहे," यमुनाबाई म्हणाल्या. "खायचं तर खा, नाहीतर ताटली इकडे द्या."

त्याने ताटली दिली नाही. पिंपळाखालची पोरं ओरडत शेडकडे धावली.

जेवणं आटोपल्यावर मी टाकीवर हात धूत होतो. टाकीच्या पलीकडे इंदूबाई आणि यमुनाबाई ताटल्या विसळत होत्या. मी आडोशाला होतो, त्यांना दिसलो नाही.

"यमुनाताई," इंदूबाई म्हणाल्या, "माझ्यापण काखेखाली लागतंय काहीतरी हाताला. सुपारीएवढं."

"कधीपासून?"

"पाच महिने झाले. ह्यांना सांगितलं नाही. तुमच्याबद्दल घरात बोलणं ऐकायची ना मी. म्हटलं, मलापण असंच बाजूला काढतील."

यमुनाबाईंच्या हातातली ताटली खाली पडली. पुढे काय बोलणं झालं ते मी ऐकलं नाही. मी तिथून निघून आलो, ऐकायचा मला हक्क नव्हता.

इंदूबाई आज ठणठणीत आहेत. गाठ तीच निघाली होती, पण लहान होती, वेळेत सापडली. आणखी सहा महिने त्या गप्प राहिल्या असत्या तर ही गोष्ट मी तुम्हाला सांगत बसलो नसतो.

सोमवारी सकाळी सातला मी नेहमीप्रमाणे नाशिकहून येणाऱ्या पहिल्या एसटीने गावात उतरलो. तीच गाडी वळून परत नाशिकला जायची. फाट्यावर यमुनाबाई उभ्या होत्या, हातात जुन्या कागदपत्रांची पिशवी. शेजारी इंदूबाई. त्यांच्यामागे रंगनाथ, धुतलेला सदरा घालून, दोघींच्या पिशव्या खांद्याला अडकवून. त्याचे डोळे रात्रभर झोप नसल्यासारखे लाल होते.

"सर, हेडसरांना सांगा, आज माझी रजा," यमुनाबाई म्हणाल्या. "कोणत्या खिडकीवर केसपेपर निघतो, कोणता डॉक्टर नीट बोलतो, ह्यांना काय ठाऊक? उद्या येते चुलीवर."

"सांगतो," मी म्हणालो.

रंगनाथ आधी गाडीत चढला आणि त्याने दोघींना हात देऊन वर घेतलं. आत गर्दी होती. तिघांच्या बाकावर दोनच जागा मोकळ्या होत्या. इंदूबाई बसल्या. यमुनाबाई दांडा धरून उभ्या राहायला लागल्या, तर त्याने त्यांना खांद्याला धरून बसवलं.

"तुम्ही बसा, ताई. हिच्याजवळ बसा," तो म्हणाला. "अगदी चिकटून बसा."